जपानी अक्षरांचा ओनामा

जपानी शिकायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात एक झेरॉक्स हातात आली. एका बाजूला रोमन लिपीतले पाच स्वर, दुसऱ्या बाजूला रोमन व्यंजनं आणि प्रत्येक चौकटीत एक वळणदार जपानी अक्षर. "हे पाठ करून या," एवढीच सूचना होती. घरी येऊन तो तक्ता कितीदा पाहिला, पण क्रम काही डोक्यात बसेना. के नंतर एस का? मग टी, एन, एच, एम, वाय, आर... कुणीतरी चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा वाटायचा. एका रात्री कंटाळून पेन्सिल घेतली आणि रोमन अक्षरांच्या डोक्यावर देवनागरी लिहीत गेले. अ इ उ ए ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. तिथे हात थांबला. हा क्रम मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होता.

त्या रात्रीपासून माझं एक ठाम मत झालं आहे आणि आता घरी दोन-चार जणांना शिकवताना मी तेच धरून चालते. मराठी माणसाने जपानी अक्षरं रोमन लिपीच्या वाटेने शिकू नयेत. आपल्या वर्णमालेतून जपानी तक्त्याकडे सरळ रस्ता जातो, आणि तो कित्येक शतकांपूर्वी बांधलेला आहे. तो रस्ताच मला इथे दाखवायचा आहे. वाचताना हिरागाना आणि काताकाना यांचे तक्ते शेजारी उघडून ठेवा. मी एखाद्या अक्षराबद्दल बोलले की तिकडे बोट ठेवून बघा, नाहीतर निम्मी मजा जाईल.

आधी घरातली माणसं ओळखून घेऊ. जपानी लिखाणात तीन तऱ्हेची अक्षरं एकत्र नांदतात. चीनहून आलेल्या अर्थवाही अक्षरांना कांजी म्हणतात. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीतच २,१३६ कांजी आहेत, म्हणून ते वर्षानुवर्षांचं काम. बाकीच्या दोन तऱ्हा म्हणजे हिरागाना आणि काताकाना. दोन्ही उच्चाराची अक्षरं आहेत आणि दोन्हींत मूळ अक्षरं ४६च. ध्वनीसुद्धा तेच, फक्त रूपं वेगळी. हिरागाना गोलसर, काताकाना टोकदार. दोन्हींना मिळून काना म्हणतात. आपल्या काना-मात्रेतल्या कान्याशी त्याचा काही संबंध नाही. जपानी शब्दाचा अर्थ साधारण 'उसनं नाव' असा आहे, आणि तो का पडला हे पुढे येईलच.

आता क्रमाकडे. आपली वर्णमाला घ्या आणि जपानीत ज्या ध्वनींना वेगळं अक्षर नाही ते एकेक गाळत चला. स्वरांतले आ, ई, ऊ, ऋ, ऐ, औ काढले की अ, इ, उ, ए, ओ उरतात. कवर्गातून क. टवर्ग जपानीत नाहीच. तवर्गातून त आणि न. पवर्गातून प आणि म. मग य, र, व. राहिला चवर्ग, त्याच्या जागी तक्त्यात स बसलेला दिसतो, आणि प च्या जागी ह. हे दोघे तिथे उपरे वाटतात, पण भाषेचे अभ्यासक सांगतात की जुन्या जपानीत आजच्या स चा उच्चार च च्या जवळ जाणारा असावा आणि आजचा ह तर मुळात प होता. प चा हळूहळू फ झाला, फ चा ह झाला. म्हणजे ज्यांनी हा तक्ता मांडला त्यांनी प्रत्येक ध्वनी त्याच्या योग्य घरातच ठेवला होता. पुढे उच्चार बदलले, घरं तीच राहिली.

हा योगायोग नव्हे. बौद्ध मंत्र संस्कृतात होते आणि चीनमार्गे ते सिद्धम् नावाच्या लिपीत जपानला पोचले. आपली देवनागरी आणि ही सिद्धम्, दोघी ब्राह्मीच्याच घरातल्या. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला गेला आणि ७५२ साली नारा इथल्या तोदाइजि मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. पुढे ८०४ साली कूकाइ हा जपानी भिक्षू चीनला गेला, तिथे संस्कृत आणि सिद्धम् शिकला आणि ८०६ साली परत येऊन त्याने शिंगोन पंथ स्थापला. मंत्राचा उच्चार चुकायला नको म्हणून जपानी भिक्षू संस्कृत वर्णमालेचा काटेकोर अभ्यास करत. कंठ, तालू, दात, ओठ हा आपल्या वर्णांचा क्रम त्यांना इतका पटला की स्वतःच्या भाषेचे ध्वनीही त्यांनी त्याच चौकटीत भरले. या तक्त्याला जपानीत गोजूओन म्हणतात, म्हणजे पन्नास ध्वनी: पाच स्वर गुणिले दहा ओळी. जपानी शब्दकोश आज याच क्रमाने लागतो. मोबाइलवर जपानी टाइप करायच्या कळाही याच क्रमाने असतात. 'का' या कळीवर अंगठा ठेवून डावीकडे सरकवला की कि, वर कु, उजवीकडे के, खाली को. अंगठ्याखाली अख्खी बाराखडी.

आणि ती सिद्धम् लिपी जपानमध्ये अजून जिवंत आहे. थडग्यामागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर, ज्यांना सोतोबा म्हणतात, ती अक्षरं आजही काढतात. सोतोबा हा शब्द म्हणजे आपला स्तूप. त्या लिपीचं नाव पडलं ते मुळाक्षरांच्या आरंभी 'सिद्धम्' असं मंगलवचन लिहायची प्रथा होती म्हणून. आपल्याकडे पंतोजी मुलाच्या पाटीवर पहिल्यांदा 'ॐ नमः सिद्धम्' लिहून देत, आणि बोलता बोलता त्याचाच 'ओनामा' झाला. एखाद्या कामाचा ओनामा केला असं आपण म्हणतो तेव्हा तोच सिद्धम् आपल्या तोंडी असतो. मला हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ त्या तक्त्याकडे नुसती बघत बसले होते.

तक्त्यात मात्र चार चौकटी शिकणाऱ्याला अडवतात. स च्या ओळीत सि असायला हवा तिथे शि आहे. त च्या ओळीत ति ऐवजी चि आणि तु ऐवजी त्सु. ह च्या ओळीत हु ऐवजी फु. रोमन तक्त्यातून शिकणारे हे अपवाद म्हणून घोकतात. मराठी बोलणाऱ्याने फक्त स्वतःच्या जिभेकडे लक्ष द्यावं. आपण म्हैस म्हणतो आणि अनेकवचनात म्हशी म्हणतो. पैसा, पण पैशाला. इ किंवा य जवळ आला की जीभ टाळूकडे उचलली जाते आणि स चा श होतो. संस्कृतातल्या नृत्याचा मराठीत नाच झाला आणि अद्य चा आज झाला, तोही याच ओढीने. जपानी जीभ तेच करते: सि म्हणायला जाते आणि शि म्हणते, ति म्हणायला जाते आणि चि म्हणते.

त्सु साठी तर आपल्याला वेगळं काही शिकायचंच नाही. 'चूल' म्हणा. त्यातला च आणि 'चिमणी'मधला च एक नाही. पहिला दातांजवळचा, दुसरा टाळूचा. लिहायला एकच अक्षर असल्याने आपलं तिकडे लक्ष जात नाही. 'चमचा' म्हणा आणि लगेच 'चमचे' म्हणा, शेवटचा च बदललेला ऐकू येईल. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ तसाच बदलतो. जपानी त्सु म्हणजे चुलीतला चु, फक्त ऱ्हस्व. त्सुनामी हा शब्द इंग्रजी वर्तनी बघून लोक सुनामी करून टाकतात, पण चुलीवर स्वयंपाक झालेल्या घरातल्या माणसाला तो अचूक म्हणता यायला हवा. फु म्हणताना दात ओठाला लावायचे नाहीत. गरम दुधावर फुंकर घालतो तसे ओठ धरायचे.

जपानी र सुद्धा आपल्या र च्या इतका जवळ आहे की नव्याने शिकावा लागत नाही. ल मात्र त्या भाषेत नाही, म्हणून बाहेरून आलेल्या शब्दांतल्या ल लाही र चंच अक्षर मिळतं.

४६ अक्षरांत ग, ज, द, ब, प कुठे आहेत? त्यांना वेगळी अक्षरं नाहीत. अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन छोट्या तिरक्या रेघा दिल्या की क चा ग होतो, स चा ज, त चा द. शाळेतल्या व्याकरणात कठोर वर्ण आणि मृदू वर्ण शिकलो होतो ना, तेच. या दोन रेघा म्हणजे कठोर वर्ण मृदू करायची खूण. स चा होणारा ज मात्र 'जास्त' आणि 'जुना'मधला, आणि शि चा होणारा जि 'जीव'मधला. ह ला या रेघा दिल्या की मात्र ब होतो, आणि इथे सगळे गोंधळतात, कारण ह आणि ब यांचं नातंच दिसत नाही. पण ह हा मूळचा प होता हे माहीत असलं की प चा मृदू ब, हे आपसूक जुळतं. आणि तो जुना प परत हवा असेल तर खांद्यावर रेघांऐवजी एक बारीक गोल काढायचा. माझ्या मते अख्ख्या तक्त्यात यापेक्षा सुंदर जागा नाही. हजार वर्षांपूर्वीचा उच्चार त्या इवल्याशा गोलात जपून ठेवल्यासारखा आहे.

तक्त्याच्या शेवटी एक एकटं अक्षर असतं, न्. त्याला स्वर नाही आणि तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. पुढे जो वर्ण येईल त्याप्रमाणे हा आपला उच्चार बदलतो: प, ब, म पुढे आले की म् सारखा, क, ग पुढे आले की ङ् सारखा. हे अक्षर आपल्याकडे आधीपासून आहे. अंक, संत, चुंबक या शब्दांत आपण तेच टिंब देतो आणि तीन वेगळे उच्चार करतो, आणि त्याचा कुणाला त्रास होत नाही. जपानी न् म्हणजे ओळीवर उतरून बसलेला अनुस्वार. तोक्योमधल्या एका स्टेशनचं नाव काना अक्षरांत शिन्बाशि असं लिहितात, पण रोमन पाटीवर एन ऐवजी एम असतो. रोमन लिपीला जे बदलावं लागलं ते देवनागरीत शिंबाशि असं एका टिंबात भागतं.

जोडाक्षरांचंही तसंच. कि च्या पुढे य बारीक आकारात लिहिला की क्य. बारीक त्सु आला की पुढचं व्यंजन दुप्पट. किते म्हणजे 'ये', कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. पता आणि पत्ता यांत फरक करणाऱ्याला हे सांगायला नको. लिहिताना एवढंच सांभाळा की बारीक अक्षर खरोखर बारीक, चौकटीच्या निम्म्या जागेत दिसलं पाहिजे. ते मोठं झालं की शब्द बदलतो.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी, कारण देवनागरी एका ठिकाणी आपल्याला फसवते. जपानी का चा आवाज आपल्या 'का'सारखा उघडा आहे, पण लांबी आपल्या 'क'ची आहे. आपण साकुरा लिहितो आणि सवयीने सा आणि रा लांबवतो. ए आणि ओ तर आपल्याकडे दीर्घच मानले जातात, जपानीत ते ऱ्हस्व असतात. आणि जपानीत लांबीवर अर्थ बदलतो. ओबासान म्हणजे आत्या-मावशी किंवा शेजारच्या काकू, ओबाआसान म्हणजे आजी. एखाद्या काकूंना चुकून आजी म्हटलं तर त्यांना कसं वाटेल ते वेगळं सांगायला नको. यावर उपाय म्हणजे टाळी. प्रत्येक काना अक्षराला एक टाळी, सगळ्या सारख्या अंतराने. ओ-बा-सा-न्, चार टाळ्या. ओ-बा-आ-सा-न्, पाच. निप्पोन म्हणजे जपान, त्याच्याही चार: नि, अर्ध्या प् ची एक, पो आणि न्. हायकूची ५-७-५ ही मोजणीसुद्धा याच ठेक्याची आहे. अक्षरं मोजून ओवी-अभंग म्हणणाऱ्यांच्या घरात वाढलेल्याला हा ठेका लवकर सापडतो, असं मी शिकवताना पाहिलं आहे.

हिरागानात दीर्घ ओ दाखवायला बहुतेक वेळा पुढे उ लिहितात. म्हणून तोक्यो हे तो, उ, क्यो, उ असं लिहितात आणि उच्चार तोओक्योओ. ओसाका मात्र ओ, ओ, सा, का. दीर्घ ए साठी पुढे इ. सेन्सेइ लिहायचं, सेन्सेए म्हणायचं. शिवाय क, स, त अशा कठोर वर्णांच्या मध्ये किंवा शब्दाच्या शेवटी सापडलेला इ-उ नुसता कुजबुजल्यासारखा होतो. देसु ('आहे') लिहिलेलं असतं, ऐकू देस् येतं. आपणही 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो.

तीन अक्षरं अशी आहेत की लिहायचं एक आणि वाचायचं दुसरं. वाक्यात प्रत्ययासारखा येणारा 'वा' ह च्या ओळीतला 'हा' लिहून दाखवतात, 'ए'साठी 'हे' लिहितात आणि 'ओ'साठी व च्या ओळीतलं एक खास अक्षर राखलं आहे. १९४६ साली जपानने काना अक्षरांची वर्तनी उच्चाराप्रमाणे सुधारून घेतली तेव्हा ही तीन जुनी माणसं घरातच ठेवली. कोन्निचिवा या नमस्कारातला शेवटचा 'वा' म्हणूनच 'हा' असा लिहितात.

आता ही अक्षरं आली कुठून ते बघू, कारण ते कळलं की हात योग्य वळतो. सुरुवातीला जपानी भाषेला लिपीच नव्हती. आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात चिनी अक्षरं अर्थ बाजूला ठेवून नुसत्या आवाजासाठी वापरलेली दिसतात. उसनं नाव म्हणतात ते यासाठी. पण एका 'का'साठी दरवेळी पाच-सहा-दहा रेघांचं चिनी अक्षर काढायचं म्हणजे फार वेळ जातो. मग दोन वाटा फुटल्या. बौद्ध भिक्षू पोथीच्या ओळींमध्ये बारीक खुणा करत, त्यांनी अक्षराचा एक तुकडाच उचलला. ती काताकाना. काता म्हणजे अपुरा, अर्धवट. दुसरीकडे कुंचला न उचलता अक्षर भरभर लिहिता लिहिता वितळून गोल झालं. ती हिरागाना.

'का' हे अक्षर नीट बघा. मूळ चिनी अक्षराचा अर्थ 'भर घालणं'. त्याच्या डाव्या बाजूला ताकदीचं चिन्ह आहे आणि उजवीकडे तोंडाचा छोटा चौकोन. भिक्षूंनी डावी बाजू घेतली, चौकोन सोडला, झाला काताकानाचा का. हिरागानात पूर्ण अक्षर आहे, पण उजवीकडचा तो चौकोन घाईत आकसून एक छोटी तिरकी रेघ झाला आहे. आपल्याकडे मोडीत बोरू न उचलता लिहिताना अक्षरांना जी वळणं आली, ती बघितलेल्याला हे परकं वाटणार नाही.

हिरागानाला त्या काळी ओन्नादे म्हणत, बाईचं अक्षर. राजदरबारातले पुरुष कामकाज चिनीत करत, आणि पत्रं, कविता, मनातलं काही लिहायचं ते काना अक्षरांत. ९३५ च्या सुमाराला की नो त्सुरायुकी या अधिकाऱ्याने तोसा प्रांतातून राजधानीला परतीच्या प्रवासाची रोजनिशी लिहिली, ती स्त्रीच्या तोंडून आणि काना अक्षरांत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या दरबारातल्या बाईने गेंजी या नायकाची प्रदीर्घ कथा लिहिली तीही काना अक्षरांत. ज्या अक्षरांना दरबारी चिनीची प्रतिष्ठा नव्हती त्यांतूनच जपानी साहित्याचे सर्वात मोठे ग्रंथ उभे राहिले. तेव्हा एकेका ध्वनीला अनेक रूपं चालत. १९०० साली शाळांसाठी एकेकच रूप नक्की झालं, म्हणून आज आपली सुटका ४६ अक्षरांत होते.

लिहायला बसाल तेव्हा गणिताची चौकटीची वही घ्या, चार चौकटींची मिळून एक मोठी चौकट करा. जपानी मुलांच्या सरावाच्या वहीतही अशीच मोठी चौकट असते, मधोमध आडवी-उभी तुटक रेघ असलेली. आपल्या हाताची एक खोड इथे मोडावी लागते. देवनागरी अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शिरोरेघेला लटकतात, त्यामुळे आपलं सगळं लक्ष वरच्या कडेला. काना चौकटीच्या मध्यावर तोलून बसतात, चारी बाजूंनी थोडी थोडी हवा ठेवून. सुरुवातीला मराठी हाताची काना वरून सपाट कापल्यासारखी दिसतात. चौकटीत आठवडाभर गिरवलं की तोल येतो.

हात न उचलता लिहिता येणाऱ्या हिरागानापासून सुरुवात करा: शि, कु, हे, त्सु, नो, हि, रो, रु. शि मासे पकडायच्या गळासारखा. 'हे' म्हणजे बुटकी टेकडी. रो आपल्या तीनच्या आकड्याच्या वळणाचा आणि रु त्यालाच शेवटी गाठ मारलेला. मग जोड्या समोरासमोर ठेवून गिरवा. मे आणि नु यांत फक्त शेवटच्या गाठीचा फरक. रे, वा, ने यांची डावी बाजू हुबेहूब सारखी. उजवीकडची शेपटी बाहेर झटकली की रे, आत वळली की वा, आत वळून गाठ मारली की ने. अजून एक, पुस्तकात कि आणि सा या अक्षरांची खालची वळणं वरच्या भागाला चिकटलेली दिसतात, हाताने लिहिताना ती सुटी काढतात. छापील अक्षर बघून गिरवणाऱ्याला हे कुणीतरी सांगावं लागतं.

रेघ कशी संपते यालाही नावं आहेत. तोमे म्हणजे ठामपणे थांबणं, हाने म्हणजे टोकाला झटका देऊन उचलणं, हाराइ म्हणजे झाडू फिरवल्यासारखं हलकं करत नेणं. आणि रेघांचा क्रम पाळायचा. तो शिस्तीसाठी नाही. क्रम बदलला की घाईच्या लिखाणात अक्षराचं वळण बदलतं आणि वाचणाऱ्याला ते दुसरंच दिसतं.

याचा सगळ्यात मोठा धडा काताकानात मिळतो. शि आणि त्सु, तसेच न् आणि सो. तक्त्यात बघा, जुळी भावंडं. मी पहिल्या गृहपाठात पाव या अर्थाचा पान् हा शब्द दहा वेळा लिहिला होता. दहाही वेळा न् ची लांब रेघ वरून खाली ओढली होती, म्हणजे दहाही वेळा पासो झाला होता. आमच्या जपानी बाईंनी एकही खोडला नाही. शेजारी एक शि आणि एक त्सु हिरागानात काढून दाखवले. हिरागानाचा शि वरून खाली येतो आणि उजवीकडे वर जातो. काताकानाच्या शि च्या छोट्या रेघा तशाच एकाखाली एक, आणि शेवटची रेघ खालून वर. हिरागानाचा त्सु डावीकडून उजवीकडे जाऊन खाली वळतो. काताकानाच्या त्सु च्या छोट्या रेघा तशाच शेजारी शेजारी, आणि शेवटची वरून खाली. न् चालतो शि सारखा, सो चालतो त्सु सारखा. पुढच्या गृहपाठावर बाईंनी माझ्या प्रत्येक न् भोवती लाल गोल काढला होता आणि माझा चेहरा पडला. मग कळलं की जपानमध्ये लाल गोल म्हणजे बरोबर.

पान् हा शब्द तसा आपल्या ओळखीचाच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानला गेले आणि गोव्यातही होते. त्यांच्या एकाच शब्दाचा आपल्याकडे पाव झाला आणि तिकडे पान्. असे बाहेरचे शब्द काताकानात लिहितात. त्यात दीर्घ स्वरासाठी एक साधी आडवी रेघ असते, उभ्या मजकुरात तीही उभी होते. कोहि म्हणजे कॉफी: को, रेघ, हि, रेघ. परदेशी माणसांची आणि गावांची नावंही काताकानात, म्हणून आपल्याला स्वतःचं नाव लिहायला हीच लिपी लागते. जपानीत स्वराशिवाय व्यंजन एकटं राहत नाही, अपवाद फक्त न् चा. त्यामुळे जोडाक्षरं सुटतात आणि मध्ये स्वर शिरतो. महाराष्ट्र हे मा, हा, रेघ, रा, रेघ, शु, तो, रा असं होतं. पुणे म्हणजे पु, ने, रेघ. ण चा न झाला त्याला इलाज नाही, टवर्ग तिकडे पोचलाच नव्हता.

मुंबई चार अक्षरांत बसते: मु, न्, बा, इ. पुढे बा आहे म्हणून न् आपोआप म् सारखा उच्चारला जातो, अनुस्वारासारखाच. चौकटीची वही घ्या आणि तेवढंच लिहून बघा. दुसऱ्या चौकटीतली लांब रेघ खालून वर न्या.